न वाजलेला पडदा

टँगो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दातांत गुलाब धरलेला एक देखणा पुरुष उभा राहतो. आमच्याकडे तसं काही नाही. आमच्याकडे दर रविवारी दुपारी बॅडमिंटनचं जाळं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं जातं, माझा नवरा घाम पुसत भिंतीला लागून खुर्च्या मांडतो, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली, चष्मा लावलेली, हातात बुटांची पिशवी घेतलेली चाळीसेक माणसं जिना चढून वर येतात. त्यातल्या बहुतेकांचे दात डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत. गुलाब धरायची कोणाची छाती नाही, आणि आजवर कोणी तो आणलेलाही नाही.

या दुपारच्या नाचाला मिलोंगा म्हणतात. माझा नवरा त्याचा संयोजक, म्हणजे काही बिघडलं की ज्याच्या नावाने ओरडायचं तो. माझी आई आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, हे दोघं शिक्षक. गावात ज्याला म्हणून टँगो येतो, त्याला तो या दोघांनीच शिकवलेला आहे. आणि मी गाणी लावते. एरवी मी लोकांचे कान तपासते, ऐकण्याची यंत्रं बसवून देते. आठवडाभर कान तपासायचे आणि रविवारी तेच कान भरायचे, असं माझं चाललेलं असतं. घरात मला ठमी म्हणतात. खरं नाव विचारू नका, ते मलाही फारसं आवडत नाही.

गाणी लावणं म्हणजे नुसतं बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकदा माझ्या टेबलापाशी उभं करणार आहे. टँगोत गाणी सुटी लावत नाहीत. एकाच वाद्यवृंदाची, एकाच मिजाशीची चार गाणी सलग लावायची, त्याला तांदा म्हणतात. अख्खा तांदा एकाच जोडीदाराबरोबर नाचायचा. मग वाजतो पडदा. पडदा म्हणजे नाचाशी काडीचाही संबंध नसलेला, भलत्याच संगीताचा एक छोटा तुकडा. तो वाजला की नाच थांबवायचा, पुरुषाने बाईला तिच्या खुर्चीपर्यंत सोडायचं आणि जागा मोकळी करायची. आमचा पडदा मामाने निवडलाय. सर्दी झालेला कोणीतरी ट्रम्पेट वाजवतोय, असा तो तुकडा आहे, आणि पहिल्या दिवसापासून तोच आहे. तो वाजेपर्यंत मात्र जोडीदाराला सोडायचं नाही. पाय तुडवला गेला, घामाने भिजलात, समोरचा मोठमोठ्याने आकडे मोजत नाचतोय, काहीही असो. हा नियम आई आणि मामा नवशिक्यांना अशा करड्या आवाजात सांगायचे की, काहींनी लग्नही इतकं मनावर घेतलं नसेल.

दुसरा नियम मानेचा. "नाचायला येता का?" असं तोंडाने विचारायचं नाही. लांबूनच नजर भिडवायची, पुरुषाने किंचित मान हलवायची, बाईने उलट हलवली की ठरलं. तिला नको असेल तर तिने दुसरीकडे बघायचं, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही. पण एकदा ठरलं आणि पुरुष निघाला की माघार नाही. उभ्या राहिलेल्या बाईसमोरून वळून जाणं हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हा. पद्धत फार सभ्य आहे, फक्त त्यासाठी दिसावं लागतं, आणि मामाला दिसत नाही. चष्म्याशिवाय त्याला खोलीच्या पलीकडचा माणूस आणि खुंटीवरचा कोट यांत फरक कळत नाही. पण चष्मा लावून तो नाचत नाही. चष्म्याची काडी बाईच्या कपाळाला टोचते, असं तो सांगतो. खरं कारण असं की चष्म्यात तो हेडमास्तर दिसतो, आणि हे त्याला मीच लहानपणी सांगितलं होतं.

यावर तोडगा आईने काढला होता. "बाळू, मी आपली खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीवर बसत जाईन," ती त्याला म्हणाली होती. "तू खुर्च्या मोज आणि मान हलव. पुढचं मी बघते." तेव्हापासून ती खुर्ची आईची. दर रविवारी पहिला तांदा बहीणभावाचा असायचा. मामा दारापाशी उभा राहून चष्मा खिशात घालायचा, ओठ हलवत खुर्च्या मोजायचा, आणि मान हलवायचा. नवे लोक म्हणायचे, किती मनापासून बोलावतात हो सर! आम्ही जुने लोक गप्प बसायचो.

मग सात महिन्यांपूर्वी हे सगळं मोडलं.

वर्ग चालू होता. एकाने दिशा दाखवायची आणि दुसऱ्याने ती समजून मगच पाऊल टाकायचं, असं मामा नवशिक्यांना सांगत होता. आईला घेऊन त्याने ते करून दाखवलं. मधेच थांबला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तू माझ्या आधी पाऊल टाकतेस. आजच नाही, पहिल्यापासून टाकतेस."

नवशिके हसले.

"मी टाकलं नसतं," आई म्हणाली, "तर तू अजून त्या खांबापाशीच उभा असतास."

नवशिके आणखी मोठ्याने हसले. मामाने बूट बदलले, पिशवी उचलली आणि जिना उतरला. आईनेही हाक मारली नाही.

तेवढ्यावरून सात महिने! "माझ्या कडेवर वाढलेला पोरगा," आई म्हणायची, "आणि चार लोकांत मला नाच शिकवतो." तिकडे मामा म्हणायचा, "चार लोकांत तिने मला खांबाला बांधला." दोघं साठीच्या पुढचे. मी दोघांकडेही जायची, चहा प्यायची आणि डोकं दुखवून घेऊन यायची. आईला म्हटलं, फोन कर, तर ती म्हणायची, "त्याचं तोंड काय शिवलंय?" मामाला म्हटलं, तर तो म्हणायचा, "ती मोठी आहे, तिनेच आधी बोलायला हवं. नाहीतरी आधी पाऊल टाकायची सवय आहेच तिला." मामी नाचत नाही आणि या भानगडीत पडतही नाही. तिचे गुडघे वाकत नाहीत आणि तिचं मतही वाकत नाही. तिचं मत असं की दोघांनाही एका खोलीत कोंडावं आणि किल्ली तिच्याकडे द्यावी.

वर्ग दोन झाले, आईचा सोमवारी आणि मामाचा गुरुवारी. रविवारी आईची माणसं खिडकीकडे बसायला लागली आणि मामाची दाराकडे. मधल्या लाकडी फरशीवर पाय सहज सरकावेत म्हणून मी पूर्वीसारखीच टाल्कम पावडर भुरभुरायची, पण नाचायला जेमतेम निम्मी माणसं उठायची, कारण खिडकीकडची नजर दाराकडे जायचीच नाही. आईने तिसरी खुर्ची सोडली आणि ती पाण्याच्या पिंपाशेजारी कोपऱ्यात जाऊन बसायला लागली. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर औषधांच्या दुकानवाल्या बाई बसू लागल्या. आणि मामा? मामा सवयीने खिडकीपासून तीन मोजायचा आणि मान हलवायचा. औषधवाल्या बाईंना आयुष्यात इतकं कोणी बोलावलं नव्हतं. त्यांची चाल सुधारली, त्यांनी नवे बूट घेतले, आणि कोणाचाही ताप उतरावा इतक्या त्या हसतमुख राहू लागल्या.

अशात मामाचं जायचं ठरलं. त्याचा मुलगा विमानाने जावं लागेल इतका लांब राहतो, त्याला जुळं झालं, आणि मामीने घर आवरायला घेतलं. कायमचं जायचं, बुधवारी. मला पक्कं ठाऊक होतं, हे दोघं न बोलता लांब गेले तर पुढे फोनवर बोलणार नाहीत. फोनवर माघार घेणं समोरासमोर घेण्यापेक्षा अवघड असतं, कारण तिथे हात धरता येत नाही. मला लहानपणापासून आई आणि मामा हे एकच काहीतरी वाटत आलंय. एकाला ठेच लागली की दुसरा ओरडायचा. ते असे दोन दिशांना जाणार, या विचाराने मला त्या आठवड्यात झोप लागत नव्हती, आणि दवाखान्यात मी एका आजोबांच्या उजव्या कानाचं यंत्र डाव्या कानात बसवलं.

तर हा मामाचा शेवटचा रविवार. मी टेबलावर वायरी जोडत होते, तेवढ्यात नवरा आला.

"तुझ्या आईने औषधवाल्या बाईंना उठवलं," तो कुजबुजला.

"कुठून?"

"त्यांच्या खुर्चीवरून. म्हणे कोपऱ्यात वारा लागतो. त्या आता पिंपाशेजारी बसल्यात, आणि चेहरा असा पडलाय की मला बघवत नाही."

"मग बघू नकोस," मी म्हटलं. मला एक स्पीकर नुसताच घरघरतोय याची चिंता होती. या स्पीकरपायी माझ्या नजरेतून काय निसटत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मामा उशिरा आला. मामी पिशवी सांभाळत दारापाशी बसली. मामा दाराकडच्या प्रत्येकाशी हात मिळवत होता, पाठ थोपटत होता, आणि खिडकीकडे चुकूनसुद्धा बघत नव्हता. आई वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसली होती. असे दोन तास गेले. दोन तास मी चांगल्यातली चांगली गाणी लावली आणि एकही गाणं मला नीट ऐकू आलं नाही.

सहा वाजून गेल्यावर मी तो तांदा लावला. पूर्वी दर रविवारी ज्याने सुरुवात व्हायची तो, एका जुन्या, संथ वाद्यवृंदाचा. दुसरं काय करणार होते? पहिलं व्हायोलिन सुरू झालं आणि मामाने मान वर केली. त्याने चष्मा काढून खिशात घातला. ओठ हलले. मग त्याने खिडकीकडे मान हलवली.

तिसऱ्या खुर्चीवरून आई उठली.

मामाला यातलं काही दिसलेलं नव्हतं. तो आपला छाती पुढे काढून, औषधवाल्या बाईंकडे जावं तसा ऐटीत निघाला. हॉलमध्ये सगळ्यांची बोलणी एकदम थांबली. अर्ध्या वाटेवर त्याची चाल जराशी मंदावली. आईपासून चार पावलांवर आला तेव्हा त्याला दिसलं, आणि तो जागीच थबकला. आई उभी होती. डावा हात खांद्याच्या उंचीला धरलेला, नजर पंख्याकडे. बाई उभी आहे आणि तिच्यासमोरून वळून जायचं नाही. हे ज्याने आम्हा सगळ्यांना घोकून घेतलं, तो आता काय करतो याकडे चाळीस माणसं डोळे लावून बसली होती.

मामाने घसा खाकरला आणि हात पुढे केला.

ते नाचले. तोंडाला कुलूप लावून नाचले. दोन गाण्यांच्या मधे थोडं थांबून जोडीदाराशी दोन शब्द बोलायची रीत आहे, हवा काय म्हणते, गुडघा कसा आहे, असलं काहीतरी. हे दोघं थांबले की आई पंख्याकडे बघायची आणि मामा भिंतीवरच्या बॅडमिंटनच्या गुणफलकाकडे. पण गाणं सुरू झालं की पाय मात्र सात महिने भांडलेच नसल्यासारखे चालायचे. वळणं तीच, थांबणं तेच. मी हनुवटी हातावर टेकवून, तोंड उघडं टाकून बघत राहिले. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, चौथं झालं.

आणि पाचवं सुरू झालं.

पडदा मी हाताने लावते. यंत्रावर सोडायचा नाही, लोकांकडे बघून योग्य क्षणी लावायचा, ही मामाचीच शिकवण. तो क्षण येऊन गेला होता आणि मी बघतच बसले होते. पुढच्या तांद्याचं गाणं, वेगळ्याच वाद्यवृंदाचं, खणखणीत वाजायला लागलं. सगळ्या जोड्या गोंधळून जागच्या जागी उभ्या. पडदा वाजला नाही म्हणजे सोडता येत नाही, आणि तांदा तर संपलेला! इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं. मी पडद्याच्या बटणाकडे हात नेला.

टँगोत सगळ्या जोड्या एकाच दिशेने गोल फिरतात, त्यामुळे प्रत्येक जोडी फिरून माझ्या टेबलासमोरून जाते. नेमके तेव्हाच ते दोघं समोर आले.

"तुझी मुलगी झोपली," मामा गुरगुरला.

"तुझी भाची आहे," आई म्हणाली.

"पडदा खाल्ला तिने."

"शिकवलं कोणी तिला?"

आणि ते पुढे गेले. सात महिन्यांतले हे पहिले शब्द, आणि तेही माझी उणीदुणी काढणारे! इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी नावं ठेवली नसतील. मी बटणावरचा हात काढला आणि सरळ मांडीखाली दाबून बसले.

ते गाणं संपलं, पुढचं लागलं, तेही संपलं. मी पडदा लावला नाही. नवरा एका बाईंच्या तावडीत सापडला होता. त्या नाचताना त्याच्या पायावरच उभ्या राहतात. तो टेबलासमोरून जाताना डोळे वटारून पुटपुटला, "पडदा! अगं पडदा!"

"गप्प नाच," मी म्हटलं.

त्याने वळून पाहिलं, आईला पाहिलं, मामाला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. मग पुढच्या फेरीला तो त्या बाईंना काहीतरी सांगताना दिसला. त्यांनी ते शेजारच्या जोडीला सांगितलं. औषधवाल्या बाई आमच्या मोजणाऱ्या काकांबरोबर अडकल्या होत्या. हे काका 'एक, दोन, तीन' असं मोठ्याने मोजल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. बाईंनी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि काकांनी, विश्वास बसणार नाही, मोजणं बंद केलं. कोणी म्हणजे कोणी जागा सोडली नाही. ज्यांना दम लागला त्यांनी जागच्या जागी झुलत राहून वेळ काढली. ही सगळी माणसं, खिडकीकडची आणि दाराकडची, एकमेकांच्या इतक्या जवळून सात महिन्यांत गेली नव्हती. मला त्या सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली. एरवी मला त्यातले निम्मे आवडत नाहीत.

आणि माझ्या टेबलासमोरून ते दोघं दर फेरीला एकेक तुकडा टाकून जात होते.

"सामान बांधलंस?"

"ती बांधतेय. मला हात लावू देत नाही."

पुढच्या फेरीला आई म्हणत होती, "लोकरीचे मोजे घेतलेस का?"

"तिकडे गरम असतं, ताई."

"तरी घे."

त्याच्या पुढच्या फेरीला, "तळवे गुळगुळीत झालेत बुटांचे. मघाशी घसरलास."

"ब्रश तुझ्याकडे राहिला."

"मग मागायचा."

"कसा मागणार?"

बुटाचे तळवे खरखरीत ठेवायला तारेचा छोटा ब्रश लागतो. त्या दोघांत एकच होता, आणि तो आईच्या पिशवीत राहिला होता. सात महिने हा माणूस घसरत नाचत होता, पण दुसरा ब्रश त्याने घेतला नव्हता.

मग एका फेरीला मामाच्या बोलण्यात हसू होतं. "आत्ता आधी कोणी टाकलं?"

"तू."

"मी कुठलं? तूच टाकलंस."

"बरं बाबा, मीच टाकलं. पहिल्यापासून मीच टाकते. झालं समाधान?"

"नको, टाकत जा. मला खांब दिसत नाही."

त्यानंतर आईने त्याच्या खांद्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही रडले. लपवायचं काय त्यात? दाराशी मामीने पिशवीतून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि मला लांबूनच हाताने खूण केली, चालू ठेव.

पण सात वाजता हॉल कराटेवाल्यांचा. पांढऱ्या कपड्यांतली पोरं जिन्यावरून आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि या म्हाताऱ्या माणसांकडे टकामका बघायला लागली. त्यांचे सर फार नम्र गृहस्थ आहेत. त्यांनी कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, एकच गाणं. ते गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा वाकून घड्याळ दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, एकच गाणं. तिसऱ्यांदा ते माझ्यासमोर वाकले नाहीत, भिंतीतल्या बटणांच्या फळीपाशी वाकले, आणि माझी पिन काढून त्यांनी तिथे आपल्या यंत्राची पिन खोचली.

गाणं मधेच तुटलं. फरशीवर बुटांचा थोडा वेळ नुसताच घासल्याचा आवाज आला आणि तोही थांबला. सगळे होते तिथे उभे राहिले. आई आणि मामा अगदी मधोमध होते, त्याचा हात अजून तिच्या पाठीवर.

"ठमे," मामाने तिथूनच विचारलं, "पडदा?"

"पिनच काढली मामा. आता कुठला पडदा!"

मग मात्र तो तरातरा माझ्याकडे आला. आई मागोमाग होतीच. "गाणी चुकली तर चालतील, पडदा चुकता कामा नये. काय सांगितलं होतं तुला? एक नाही, दोन नाही, अख्खी संध्याकाळ..."

"मी पडदा चुकवला," मी म्हटलं, "आणि तू? तू भलत्याच बाईकडे मान हलवलीस. त्या खुर्चीवर औषधवाल्या बाई बसतात."

"मी मोजूनच हलवली. ताई आहे हे मला दिसत होतं."

"त्याला काय दिसणार?" आई म्हणाली. "त्याला मी आणि छत्री सारखीच."

"मग तू का उठलीस?"

"मला वाटलं, मलाच बोलावतोय."

"आणि त्या खुर्चीवर का बसलीस आज?"

"कोपऱ्यात वारा लागतो," आई म्हणाली आणि वाकून बूट सोडायला लागली. हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि त्या कोपऱ्यावर पंखाही नव्हता. खिडक्या दुपारी मीच लावून घेतल्या होत्या, बाहेरच्या रस्त्याच्या आवाजाचा मला त्रास होतो म्हणून. मी मामाकडे बघितलं. तो चष्मा लावून खिडक्यांकडेच बघत होता. आईने पिशवीतून ब्रश काढला, त्याला खुर्चीत बसवलं, आणि कराटेची पोरं एका सुरात ओरडत असताना त्याच्या एकेका बुटाचा तळवा घासून दिला.

मधे दोनच दिवस होते. आई ते दोन्ही दिवस मामाकडे होती, आणि मामीने सांगितलं की सामान तीनदा बांधलं आणि तीनदा सोडलं, कारण दोघं मिळून मदत करत होते. सोमवारचा वर्ग दोघांनी मिळून घेतला. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने खोडायचं, असा तो झाला. नवशिक्यांना म्हणे काही कळलं नाही, पण मजा आली.

बुधवारी सकाळी टॅक्सी दारात उभी होती. मामी आत बसली. नवऱ्याने बॅगा चढवल्या. मामाने माझ्या डोक्यावर टपली मारली, मला जवळ घेतलं आणि मग आईसमोर उभा राहिला. मी मनाची तयारी केली होती, आता ही दोघं रडणार, शेजारीपाजारी गॅलरीत येणार.

आईने बुटांची पिशवी त्याच्या हातात दिली. "ब्रश आत आहे."

"आणि तुला?"

"मी नवीन घेईन." मग तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. लहान मुलाची करतात तशी, जरा ओढूनच. "बाळू, एक लक्षात ठेव. त्या दिवशी पडदा वाजलेला नाही."

"हो, ठमीची कृपा."

"कृपा नाही रे. वाजलेला नाही म्हणजे आपला तांदा संपलेला नाही." तिचा आवाज वर्गातल्यासारखा करडा झाला होता. "आणि पडदा वाजेपर्यंत जोडीदाराला सोडायचं नाही. इतकी वर्षं काय शिकवलंस लोकांना?"

मामाने चष्मा काढला. काच शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा पुसली, पण लावला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि हिने येत्या रविवारी वाजवला तर?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. टॅक्सीवालासुद्धा बघायला लागला.

"नाही वाजवत," मी म्हटलं.

आता रविवारी मी पडदा म्हणून कुठल्याशा पियानोचा एक तुकडा लावते. तो बेताचाच आहे. खिडकीकडचे आणि दाराकडचे आता कुठेही बसतात, आई तिसऱ्या खुर्चीवर बसते, आणि औषधवाल्या बाईंना मोजणारे काका बोलावतात. अधूनमधून कोणीतरी माझ्या टेबलापाशी येऊन विचारतं, तो जुना ट्रम्पेट कुठे गेला हो, छान होता. मी सांगते, बिघडलाय. तो बिघडलेला नाही. मी तो जपून ठेवलाय, आणि मामा येऊन समोर उभा राहिल्याशिवाय तो कोणालाही ऐकू येणार नाही.